दोन्ही पोलमध्ये पहिला, यादीत तिसरा: २००३ च्या बीसीएस क्रमवारीचे प्रकरण

रविवार, ७ डिसेंबर २००३. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या हंगामातले निर्णायक सामने आदल्या दिवशी आटोपले होते. पत्रकारांच्या पोलमध्ये पहिला क्रमांक साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूएससीचा. प्रशिक्षकांच्या पोलमध्येही यूएससीच पहिला. पण अजिंक्यपदाचा सामना कोणात होणार, हे ज्या यादीवरून ठरायचे त्या बीसीएसच्या यादीत यूएससी तिसरा होता. सामन्यात जागा दोनच. पहिल्या क्रमांकावर होता ओक्लाहोमा, जो आदल्याच रात्री ३५-७ असा सपाटून हरला होता.

यादी अशी होती: ओक्लाहोमा ५.११, लुइझियाना स्टेट म्हणजे एलएसयू ५.९९, यूएससी ६.१५. गुण जितके कमी तितका संघ वर. एलएसयू आणि यूएससी यांच्यात अंतर होते ०.१६ चे.

'संगणकाने घोळ घातला' असे त्या आठवड्यात अमेरिकाभर बोलले गेले आणि आजही बोलले जाते. मी हे आकडे पुन्हा पुन्हा मांडून पाहिले आहेत. माझ्या मते संगणकावर आळ घेणे चुकीचे आहे. दोष बेरजेत होता, आणि ती बेरीज माणसांनी बसवलेली होती.

क्रमवारी लागतेच कशाला?

आपल्याकडे रणजी असो वा आयपीएल, गुणतक्ता असतो; आयपीएलमध्ये बरोबरी झाली तर नेट रन रेटही असतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (अंडाकृती चेंडूचा, हाताने फेकायचा खेळ, आपल्या फुटबॉलशी नाव सोडून फारसे नाते नाही) ही सोय नव्हती. २००३ मध्ये सर्वोच्च विभागात ११७ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर ६,७८६ सामने लागतील. खेळ इतका अंगावर येणारा, की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शक्य नाही. त्यामुळे एकेक संघ हंगामात जेमतेम बारा-तेरा सामने खेळे, त्यातले बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे प्रादेशिक गटातल्या संघांशी. कॅलिफोर्नियातल्या संघाची लुइझियानातल्या संघाशी गाठ वर्षानुवर्षे पडत नसे.

मग श्रेष्ठ कोण, हे मत विचारून ठरवायचे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा पोल १९३६ पासून चालत आला आहे. २००३ मध्ये त्यात ६५ पत्रकार मत देत. प्रत्येकाने २५ संघांची यादी द्यायची. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत पंचविसाव्याला १. प्रशिक्षकांचा पोल १९५० पासूनचा, पद्धत तीच. दोन पोल म्हटले की कधीतरी दोन अजिंक्य निघणारच. १९९७ च्या हंगामात तसे झाले: पत्रकारांनी मिशिगनला निवडले, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोन्ही संघ अपराजित, आणि एकमेकांशी खेळलेच नाहीत.

यावर उतारा म्हणून १९९८ च्या हंगामापासून बीसीएस आले. बाउल चॅम्पियनशिप सिरीज हे त्याचे पूर्ण नाव; बाउल म्हणजे नियमित हंगामानंतरचा मानाचा सामना. पोल आणि संगणक एकत्र करून एक यादी काढायची, वरच्या दोघांना एका सामन्यात समोरासमोर आणायचे, म्हणजे वाद मिटला, असा हिशेब होता.

२००३ चे सूत्र

त्या वर्षी बेरजेत पाच गोष्टी होत्या. पहिली, दोन्ही पोलमधल्या क्रमांकांची सरासरी. दुसरी, सात संगणकीय क्रमवाऱ्यांपैकी संघाला सर्वांत वाईट ठरवणारी एक सोडून उरलेल्या सहांची सरासरी. (दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची आठवण व्हावी असा प्रकार.) तिसरी, प्रतिस्पर्ध्यांची ताकद: तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांची जयपराजयाची नोंद दोन तृतीयांश, आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांची एक तृतीयांश. यावरून सगळ्या संघांचे क्रमांक लावायचे आणि तुमच्या क्रमांकाला २५ ने भागायचे. चौथी, हरलेल्या प्रत्येक सामन्यामागे एक गुण. पाचवी म्हणजे बक्षीस: यादीतल्या पहिल्या दहांपैकी कुणाला हरवले असेल तर काही गुण वजा. पहिल्या क्रमांकाला हरवल्यास पूर्ण १, दहाव्याला हरवल्यास ०.१.

आता तिघांचे आकडे.

यूएससी: पोल १, संगणक २.६७, प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीत ३७ वा म्हणून १.४८, एक हार १, बक्षीस नाही. बेरीज ६.१५.

एलएसयू: पोल २, संगणक १.८३, ताकदीत २९ वा म्हणून १.१६, एक हार १, बक्षीस नाही. बेरीज ५.९९.

ओक्लाहोमा: पोल ३, संगणक १.१७, ताकदीत ११ वा म्हणून ०.४४, एक हार १, आणि सहाव्या क्रमांकावरच्या टेक्सासला हरवल्याचे ०.५ वजा. बेरीज ५.११.

ओक्लाहोमाचा १.१७ हा आकडा उलगडून पाहण्यासारखा आहे. सहा क्रमांकांची बेरीज ७ आली तरच सरासरी १.१७ येते. म्हणजे मोजल्या गेलेल्या सहांपैकी पाच संगणकांनी ओक्लाहोमाला पहिला आणि एकाने दुसरा ठरवले होते. आदल्या रात्री २८ गुणांनी हरलेल्या संघाला!

३५-७ हा आकडा संगणकाला दिसलाच नाही

शनिवारी रात्री कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा अंतिम सामना होता. त्यापूर्वी ओक्लाहोमा बाराच्या बारा सामने जिंकून आला होता, आणि तेही कसे: टेक्सासला ६५-१३, टेक्सास ए अँड एमला ७७-०. कॅन्सस स्टेटविरुद्ध त्याने पहिले ७ गुण घेतले. त्यानंतरचे सगळे ३५ गुण कॅन्सस स्टेटचे.

पत्रकार आणि प्रशिक्षक यांनी हे पाहिले आणि ओक्लाहोमाला पहिल्यावरून तिसऱ्यावर ढकलले. संगणकाच्या लेखी मात्र एवढीच नोंद झाली: १२ जिंकले, १ हरला. विजयाचे अंतर संगणकाला दाखवायचेच नाही, असा नियम आदल्या वर्षी, २००२ मध्ये केला गेला होता.

त्याला कारण होते. अंतर मोजले की बलाढ्य संघ दुबळ्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत झोडपत राहतात, कारण प्रत्येक गुणाने क्रमवारी सुधारते. शिवाय २००१ ची जखम ताजी होती. त्या वर्षी नेब्रास्का नियमित हंगामातला शेवटचा सामना कोलोरॅडोकडून ६२-३६ असा हरला, आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोचला नाही, तरी बीसीएसच्या यादीत दुसरा आला आणि अजिंक्यपदाच्या सामन्यात मायामीकडून ३७-१४ असा हरला. पोलमध्ये दुसरा असलेला ओरेगन बाहेरच राहिला. आधीच्या मोठ्या विजयांमुळे संगणक नेब्रास्कावर भाळले, असे निदान झाले आणि अंतर काढून टाकण्यात आले. दोन वर्षांनी त्याच औषधाने दुसरा आजार झाला: ७७-० चा फायदा ओक्लाहोमाला मिळाला नाही, पण ३५-७ चा फटकाही बसला नाही.

उलट यूएससीची एकमेव हार पाहा. २७ सप्टेंबरला बर्कलीत कॅलिफोर्नियाविरुद्ध ३४-३१, तीनदा जादा वेळ खेळून. एलएसयूची हार ११ ऑक्टोबरची, घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून १९-७. तिन्ही हारींची किंमत सारखीच, एक गुण.

यंत्राच्या पोटात

हे सात संगणक म्हणजे कुठल्या कंपनीची महायंत्रे नव्हती. वेगवेगळ्या हौशी माणसांनी लिहिलेली गणिते होती. जेफ सॅगरिन एमआयटीत शिकलेले, केनेथ मॅसी गणितातले, पीटर वुल्फ हे संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर, वेस्ली कॉली खगोलभौतिकशास्त्रज्ञ. रिचर्ड बिलिंग्स्ली, अँडरसन आणि हेस्टर ही जोडी, आणि न्यू यॉर्क टाइम्सची स्वतःची क्रमवारी धरून सात.

यातली कॉलींची पद्धत मला सर्वांत आवडते, कारण ती पूर्णपणे उघडी आहे आणि कागदावर समजते. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक संघाचे मूल्य अर्धे. नंतर मूल्य म्हणजे जिंकलेल्या सामन्यांत १ मिळवायचा आणि एकूण सामन्यांत २ मिळवून भागायचे. एकही सामना झाला नसेल तर १ भागिले २. एक सामना जिंकला तर २ भागिले ३. एवढ्यावर थांबलो, तर १२-१ असलेल्या ओक्लाहोमाचे मूल्य १३ भागिले १५, म्हणजे ०.८६७ आणि ११-१ असलेल्या यूएससीचे १२ भागिले १४, म्हणजे ०.८५७. पण खरी गंमत पुढे आहे. जिंकलेल्या सामन्यांच्या जागी कॉली वेगळा आकडा घालतात: जय आणि पराजय यांच्या फरकाचा निम्मा भाग, अधिक सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या मूल्यांची बेरीज. प्रतिस्पर्ध्यांची मूल्ये पुन्हा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून. म्हणजे ११७ अज्ञात आणि ११७ समीकरणे, सगळी एकदम सोडवायची.

सांगायचा मुद्दा हा, की कुणाशी खेळलात हे या गणितात आतच मुरलेले असते. इतर सहांचीही रचना वेगवेगळी असली तरी प्रतिस्पर्ध्याचा कस त्या सगळ्यांत धरलेला होता. धरला नसता, तर संगणक हवाच कशाला? जिंकलेले सामने शाळकरी पोरही मोजेल.

जाता जाता: २०१० मध्ये कॉलींच्या माहितीतून खालच्या विभागातला एक सामना राहून गेला. जेरी पाम या विश्लेषकाने ते शोधून काढले आणि दुरुस्तीनंतर बोईसी स्टेट आणि एलएसयू यांची दहाव्या-अकराव्या जागांची अदलाबदल झाली. कॉलींवर टीका झाली, पण त्यांची चूक सापडली ती त्यांचे गणित सर्वांसमोर होते म्हणून. बाकीच्यांत काय काय राहून गेले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक.

बेरीज सुटी करून पाहू

आता मूळ प्रश्नाकडे. पाच घटकांपैकी हार हा घटक तिघांनाही सारखाच, तो बाजूला ठेवू. फक्त पोल आणि संगणक यांची बेरीज करू. यूएससी ३.६७, एलएसयू ३.८३, ओक्लाहोमा ४.१७.

हाच पोलचा क्रम! संगणकांनी ओक्लाहोमाला जवळपास एकमुखाने पहिले ठरवूनही, पोल आणि संगणक यांना समान वजन दिले की यूएससी पहिला, एलएसयू दुसरा आणि ओक्लाहोमा तिसरा येतो. म्हणजे सामना यूएससी आणि एलएसयू यांच्यात झाला असता, आणि सगळ्या अमेरिकेला तोच हवा होता.

यात टेक्सासवरच्या विजयाचे बक्षीस मिळवा. ओक्लाहोमा ३.६७ वर येतो, यूएससीच्या बरोबरीला. मग ताकदीचा घटक मिळवा आणि यादी पूर्ण उलटी होते: ओक्लाहोमा, एलएसयू, यूएससी.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. ताकद संगणकांनी आधीच मोजली होती. टेक्सासला हरवल्याचे श्रेयही त्यांनी ओक्लाहोमाला दिले होते. पोलमध्ये मत देणारेही वेळापत्रक पाहूनच मत देतात. तीच गोष्ट पुन्हा वेगळा रकाना करून मिळवली. किराणा दुकानात बिलात एकदा धरलेली साखर खाली हाताने पुन्हा लिहावी, तसे झाले. हार या घटकाचेही तेच, फक्त त्या वर्षी तिघांची हार एकेकच असल्याने ते उघडे पडले नाही.

दुसरी खोट पोलच्या बाजूला होती आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. पोलमध्ये पंचवीस-चोवीस-तेवीस असे गुण असतात, म्हणजे पहिला किती मताधिक्याने पहिला आहे हे कळते. बीसीएसच्या बेरजेत ते गुण गेलेच नाहीत, फक्त क्रमांक गेला. काठावर पहिला आलेला आणि एकमताने पहिला आलेला, दोघांनाही १. ताकदीच्या क्रमांकात मात्र ११ आणि ३७ यांच्यात १.०४ गुणांचे अंतर. संपूर्ण पत्रकार आणि प्रशिक्षक मंडळाने एक जागा वर ठेवल्याची किंमत १, आणि त्यापेक्षा जास्त किंमत वेळापत्रकाच्या एका उपयादीची.

हवाईतला सामना

०.१६ हे अंतर ताकदीच्या यादीत किती भरते? एका जागेला ०.०४, म्हणजे चार जागा. यूएससी ३७ व्याऐवजी ३२ वा असता तर ५.९५ गुणांनी एलएसयूच्या पुढे गेला असता.

त्या शनिवारी यूएससीने स्वतः ओरेगन स्टेटला ५२-२८ असे हरवले. पण त्याच दिवशी नोत्र दाम सिराक्यूजकडून हरला, आणि होनोलुलूत हवाई बोईसी स्टेटकडून हरला. नोत्र दाम आणि हवाई या दोघांनाही यूएससीने हंगामात आधी हरवले होते. ते दोघे हरले, तेवढी यूएससीच्या वेळापत्रकाची ताकद घटली. हे मला या प्रकरणातले सर्वांत चमत्कारिक दृश्य वाटते: अजिंक्यपदाचा सामना कोण खेळणार, याची आशा धरून लोक पॅसिफिक महासागराच्या मध्यावर चाललेल्या, यादीशी काडीचा संबंध नसलेल्या दोन संघांच्या खेळाकडे डोळे लावून बसले होते.

ऑबर्नचेही असेच. यूएससीने हंगामाची सुरुवात ऑबर्नच्या मैदानावर त्याला २३-० हरवून केली. तेव्हा ऑबर्न पत्रकारांच्या पोलमध्ये सहावा होता, विजय मोठा मानला गेला. पुढे ऑबर्न ढेपाळला, नियमित हंगाम ७-५ वर संपवला, आणि तो विजय हिशेबात स्वस्त झाला. एलएसयूने तर जॉर्जियाला दोनदा हरवले, दुसऱ्यांदा एसईसी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ३४-१३. पण शेवटच्या यादीत जॉर्जिया पहिल्या दहांत नव्हता, म्हणून बक्षीस शून्य.

पुढे झाले ते

१ जानेवारी २००४ ला पॅसाडेनाच्या रोझ बाउलमध्ये यूएससीने मिशिगनला २८-१४ हरवले. ४ जानेवारीला न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, एलएसयूने ओक्लाहोमाला २१-१४ हरवले. यादीतला पहिला संघ लागोपाठ दुसरा सामना हरला.

पत्रकारांवर कुणाचे बंधन नव्हते. ६५ पैकी ४८ जणांनी यूएससीला पहिले मत दिले आणि पत्रकारांचे अजिंक्यपद तिकडे गेले. प्रशिक्षक मात्र करारानुसार बीसीएस सामन्याच्या विजेत्याला पहिले मत द्यायला बांधील होते. ६३ पैकी ६० जणांनी एलएसयूला मत दिले. तिघांनी करार बाजूला ठेवून यूएससीला दिले. ज्या दुहेरी अजिंक्यपदाला आवर घालायला बीसीएस जन्माला आले, ते सहाव्याच हंगामात पुन्हा उभे राहिले. निक सेबन यांचा एलएसयू आणि पीट कॅरोल यांचा यूएससी हे दोन संघ त्या हंगामात एकमेकांसमोर आलेच नाहीत. लॉस एंजेलिस आणि बॅटन रूजमध्ये हा वाद काढून पाहा, उत्तर गावावर ठरते.

२००४ साठी सूत्र बदलले. पत्रकारांचा पोल एक तृतीयांश, प्रशिक्षकांचा एक तृतीयांश, संगणक एक तृतीयांश. संगणक आता सहा, कारण न्यू यॉर्क टाइम्सची क्रमवारी बाहेर गेली. प्रत्येक संघाचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट क्रमांक वगळायचा. पोलमधले क्रमांक जाऊन मिळालेले गुण धरले जाऊ लागले. ताकद, हार आणि बक्षीस हे तिन्ही स्वतंत्र रकाने रद्द झाले. म्हणजे दुहेरी मोजणीची चूक सुधारली, हे चांगलेच. पण त्याचबरोबर पोलचे वजन दोन तृतीयांश झाले. संगणकाला जागा ठेवली, फक्त माणसांचे ऐकले जाईल इतकीच.

त्या वर्षाच्या अखेरीस तीन प्रमुख संघ अपराजित राहिले: यूएससी, ओक्लाहोमा, आणि आदल्या वर्षी यूएससीच्या वेळापत्रकाला ज्याने खाली ओढले तो ऑबर्न. दोन्ही पोलमध्ये ऑबर्न तिसरा, नव्या यादीतही तिसरा. अजिंक्यपदाच्या सामन्यात यूएससीने ओक्लाहोमाला ५५-१९ असे लोळवले. ऑबर्नने शुगर बाउल (या वर्षी तो अजिंक्यपदाचा सामना नव्हता) जिंकून १३-० वर हंगाम संपवला आणि एकही न हरता हात हलवत परतला. असोसिएटेड प्रेसने डिसेंबर २००४ मध्येच बीसीएसला कळवून टाकले होते, की यापुढे आमचा पोल तुमच्या सूत्रात वापरू नका.